ड्युटीवर कोण आहे?

बाळाची पत्रिका मांडायची म्हटली की गुरुजी आधी जन्मवेळ विचारतात, मिनिटासकट. ती वेळ जिच्या अंगावरून गेली त्या बाईला विचारा. ती म्हणेल, ग्रहांचं राहू द्या, त्या वेळी ड्युटीवर कोण होतं तेवढं विचारा. आठ ते दोनची सिस्टर गरीब स्वभावाची. दोन ते आठची तोंडाने फाटकी. रात्रपाळीला कोण, ते कळा सुरू झाल्यावरच कळतं. साडेसाती परवडली, तिचं निदान वेळापत्रक छापील मिळतं.

सध्या मी ओळखीतल्या बायकांना एकच प्रश्न विचारत सुटले आहे : बाळंतपण कसं झालं? पहिलं उत्तर सगळ्यांचं सारखं. "झालं बाई नीट. दोघं सुखरूप." मग मी पिशवी उचलून निघायला लागले की दुसरं उत्तर सुरू होतं, आणि ते काही लवकर संपत नाही. चहा दोनदा होतो. ज्याच्या जन्माची गोष्ट चाललीय तो मुलगा दहावीच्या क्लासला निघून जातो, आणि आई अजून लेबर रूममध्येच असते.

या गप्पांत सरळसोट खलनायक कोणी सापडत नाही, ही पंचाईत. ज्या दवाखान्याला शिव्या, त्याच दवाखान्यातल्या एका मावशीला आशीर्वाद. ज्या डॉक्टरीणबाईंनी 'उगाच' सिझर केलं त्यांच्यावर अजून राग, आणि दुसऱ्या खेपेला नाव घातलं ते त्यांच्याकडेच. एकीने सांगितलेलं ऐका. सरकारी दवाखाना, पहिलटकरीण, मध्यरात्र. ती ओरडली तशी सिस्टर म्हणाली, "तेव्हा नाही ओरडलीस? आता कशाला गाव गोळा करतेस?" हे वाक्य मला वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या, वेगवेगळ्या वयांच्या बायकांनी जवळजवळ अक्षरशः सारखं सांगितलेलं आहे. नर्सिंगच्या कुठल्याच पुस्तकात ते नसणार. तरी राज्यभर पोचलंय. पोलिओचा डोस पोचवायला सरकारला केवढे कष्ट पडले होते!

तर बाळ झालं. सिस्टरने ते पुसलं, वजन केलं, वहीत वेळ लिहिली आणि सहज वळून पाहिलं. बाई पांढरी पडत होती. रक्त थांबत नव्हतं. आपल्या देशात बाळंतपणात बायका दगावतात त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. त्यानंतर त्या सिस्टरने एका हाताने पोट चोळत, दुसऱ्या हाताने सलाइन वाढवत, फोनवर डॉक्टरला आणि समोर मावशीला एकाच दमात हाका मारत जे काही केलं, ते त्या बाईला अर्धवट शुद्धीत दिसत होतं. गर्भाशय आवळून येईपर्यंत सिस्टरने पोटावरचा हात काढला नाही. डॉक्टर पोचल्या तोवर धोका टळला होता. "तिच्यामुळे मी आज आहे," असं ही बाई सांगते. आणि पुढच्याच श्वासात म्हणते, "पण ती जे बोलली ना, ते मी मरेपर्यंत विसरायची नाही."

तोंड फाटकं, हात देवाचे. आता या सिस्टरला गुलाबाचं फूल द्यायचं की मेमो? दोन्ही द्यायला हवं, पण तसं खातं आपल्याकडे नाही. फूल परिचारिका दिनाला सगळ्यांना सरसकट मिळतं आणि मेमो रजिस्टर अपुरं असलं की मिळतो. बाईशी काय बोललीस यावरून कोणाला मेमो निघाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

तिची बाजूही सांगितली पाहिजे. रात्रीची एकटी सिस्टर, सगळी टेबलं भरलेली, एक बाळ बाहेर येतंय तोवर दुसरीकडे पाणमोट फुटलेली. अर्धा स्टाफ कंत्राटी, दर वर्षी नव्या ऑर्डरची वाट बघणारा. भरायच्या वह्या इतक्या, की बाळापेक्षा त्यांचं वजन जास्त. सिस्टरवर डॉक्टर ओरडतो, डॉक्टरवर सिव्हिल सर्जन, सिव्हिल सर्जनवर पालकमंत्री. या उतरंडीत सगळ्यात खाली, उताणी झोपवलेली, पाय वर अडकवलेली बाई असते. तिला ओरडायला खाली कोणी शिल्लक नसतं. म्हणून ती नुसतीच ओरडते, आणि त्यावरून बोलणी खाते.

आकडे काढले तर आपण जिंकलेलो आहोत, हे आधी मान्य करू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ साली देशात शंभरातली ३८.७ बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ मध्ये तो आकडा ८८.६ झाला, आणि महाराष्ट्राचा ९४.७. मातामृत्यूचं प्रमाण २०१८-२० या काळात देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ होतं, महाराष्ट्रात ३३. तेव्हा केरळच्या (१९) खालोखाल आपलाच नंबर होता. आमच्या आजीच्या पिढीत बाई खोलीत गेली की बाहेर बसलेली माणसं देव पाण्यात घालून बसायची. ते दिवस आठवले की या आकड्यांना हात जोडावेसे वाटतात. मी जोडते. फक्त एवढंच की बाई जगली की नाही हे मोजणारा तक्ता आहे, आणि तिच्याशी कोण कसं बोललं याला त्यात रकाना नाही. 'दोघं सुखरूप' म्हटलं की फाइल बंद. त्यानंतर बाईने तोंड उघडलं तर ती कृतघ्न.

मारू नका, शिव्या देऊ नका, न विचारता काही करू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेला २०१४ साली खास निवेदन काढून जगाला सांगावं लागलं. म्हणजे दुखणं आपल्या एकट्याचं नाही, जागतिक आहे; अभिमान वाटून घ्यायचा तर घ्या. आपल्या सरकारनेही २०१७च्या डिसेंबरात लेबर रूम सुधारण्यासाठी 'लक्ष्य' कार्यक्रम काढला. त्यात बाईला सन्मानाने वागवायचं, पडदे लावायचे, तिच्या सोबतीला कोणीतरी असू द्यायचं, असं सगळं आहे. बऱ्याच ठिकाणी लेबर रूम खरोखर सुधारल्या, रंग लागले, टेबलं नवी आली. पोस्टरही लागलं. पोस्टरवरची बाई हसते आहे. ती मॉडेल आहे; तिला कळा येत नाहीयेत.

सोबतीचं तर मोठं मजेदार आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ एक बाईमाणूस थांबू द्यावं, हे केंद्राने २०१६ सालीच सांगून ठेवलंय. ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी. आणि जिथे आडोशाची नीट सोय आहे तिथे नवऱ्यालाही थांबू देता येईल. आता प्रत्यक्षात बघा. पडदा नाही म्हणून नवरा आत नाही. आणि नवरा आत नाही म्हणून पडद्याची कोणाला गरज वाटत नाही. आई, सासू, मोठी जाऊ यांना दारातला वॉचमन अडवतो. दिल्लीतून निघालेला आदेश मंत्रालयातून, जिल्ह्यातून, तालुक्यातून सुखरूप येतो आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या या माणसापाशी संपतो. शेवटी बाईच्या वाट्याला येते ती मावशी. साफसफाईसाठी नेमलेली, पाठ चोळायचा पगार न मिळणारी. "सोड श्वास... सोड... हां, आता गेली बघ कळ." कितीतरी बायकांना डॉक्टरचं नाव आठवत नाही आणि मावशीच्या हातातल्या हिरव्या बांगड्या आठवतात.

त्याच मावशीचा दुसरा अंकही असतो. जून २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात सगळं फुकट आहे : बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवण, घरून आणणं, परत घरी सोडणं. फक्त बाळाचं तोंड दाखवणं त्या यादीतून राहून गेलं. त्याचा दर काही ठिकाणी अजून ठरलेला असतो. मुलगा असेल तर एक, मुलगी असेल तर त्याहून कमी. आणि त्याच भिंतीवर पाटी असते की येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. कायदा १९९४चा. दरपत्रक त्याहून जुनं. एका आजींनी नात झाल्यावर मावशीच्या हातात मुलाचा दर ठेवला. मावशी बिचारी प्रामाणिक, म्हणाली, "आजी, मुलगी आहे." आजी म्हणाल्या, "ऐकलं मी. सुटे नकोत."

इथे काही वाचकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं असेल : म्हणूनच आम्ही प्रायव्हेटला नाव घातलं.

बरोबर. तिथे कोणी ओरडत नाही. सगळे 'मॅम' म्हणतात. पॅकेजं असतात, जनरलपासून डिलक्सपर्यंत, आणि तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते की गुंतागुंत झाल्यास वेगळा आकार पडेल. फुगे असतात, केक असतो, बाळाच्या पावलांचा ठसा फ्रेम करून मिळतो. आणि ऑपरेशन थिएटर मोकळं असतं. सर्वेक्षणाचे २०१९-२१चे देशाचे आकडे असे : सरकारी दवाखान्यात शंभरात १४.३ सिझर, खासगीत ४७.४. एकाच देशातल्या बायका. पण अनामत रक्कम भरली की ओटीपोट अरुंद होतं, गर्भातलं पाणी कमी होतं आणि बाळाच्या गळ्याला नाळ गुंडाळली जाते. नाळ तर दर तीन-चार बाळांतल्या एकाच्या मानेभोवती सापडतेच, आणि बहुतेक बाळं तशीच ठणठणीत बाहेर येतात. पण रात्री अकरा वाजता, कॉरिडॉरमध्ये, "नाळ गळ्याभोवती आहे, तुम्ही काय ते ठरवा" असं कानावर पडल्यावर मूळव्याधीच्या गोळीवरही गूगल करणारा माणूस निमूट सही करतो. करणारच. मीही केली असती.

आता हे सगळं डॉक्टरांच्या लोभावर ढकललं की सदर लवकर संपतं, पण तेवढं सोपं नाही. तालुक्याच्या गावातलं नर्सिंग होम घ्या. डॉक्टरीणबाई एकट्या. भूलतज्ज्ञ दुसऱ्या गावचे, तीन दवाखाने सांभाळणारे. बालरोगतज्ज्ञ तिसरीकडे. रक्तपेढी जिल्ह्याला, तासाभराच्या रस्त्यावर. संध्याकाळी सात वाजता भूलतज्ज्ञ हाताशी आहेत. पहाटे तीनला असतील याची खात्री नाही. बाईंना सातलाच ठरवावं लागतं की पहाटे तीनला काय होईल. वर, सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणलेलं. आणि दवाखान्यांवरचे हल्ले इतके नेहमीचे, की २०१० मध्ये महाराष्ट्राला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. आजवर सिझर केलं म्हणून कोणी दवाखान्याची काच फोडलेली नाही. वेळेवर केलं नाही म्हणून फोडतात. तुम्ही त्या खुर्चीत बसून बघा, तुमचाही हात चाकूकडे थोडा लवकर जाईल.

पण मग त्या बाईंनी तरी हे स्पष्ट सांगावं. 'बाळ अडकलंय'ऐवजी 'माझा भूलतज्ज्ञ अडकलाय' असं सांगणारी डॉक्टर मला अजून भेटायची आहे. भेटली तर तिच्याकडे मी सगळ्या भाच्यांची नावं घालीन.

आणि घरची माणसं? ती तर उतावळेपणाचं आगर. दर तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे, या जुन्या हिशेबाचं मूळ १९५५ सालच्या डॉ. इमॅन्युएल फ्रीडमन यांच्या न्यूयॉर्कमधल्या आलेखापर्यंत जातं. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की पुष्कळ बायकांचा वेग त्याहून कमी असतो, आई आणि बाळ ठीक असतील तर तेवढ्यावरून घाई करू नका. पहिलटकरणीला पाच सेंटिमीटरनंतर बारा तासही लागू शकतात. बारा तास! आपल्याकडे बारा तासांत सासरकडून दोन जीप भरून माणसं येतात, आणि प्रत्येक जण आल्या आल्या विचारतो, "अजून नाही?" मग कोणीतरी अनुभवी काका पुढे होतात आणि डॉक्टरांना सांगतात, "मॅडम, तुम्ही सिझर करून टाका, पैशाचं बघू नका." काकांचं पोट शाबूत असतं. ज्यांना मुहूर्त काढून सकाळी अकरा बेचाळीसलाच बाळ हवं असतं त्यांच्याविषयी मी काही लिहीत नाही. त्यांचा राजयोग त्यांना लखलाभ.

एक गोष्ट मात्र या सगळ्या वादात कोणी बोलत नाही. काही बायका सिझर स्वतःहून मागतात, आणि सुखवस्तू बायकांच्या नाजूकपणाशी त्याचा फारसा संबंध नसतो. लेबर रूमचं जे काही त्यांनी बहिणीकडून, वहिनीकडून ऐकलेलं असतं, त्यापेक्षा पोटावर सुरी बरी वाटते. थिएटरमध्ये निदान भूल मिळते आणि अंगावर हिरवं कापड घालतात. दुखणं कमी करायची सोय साध्या बाळंतपणातही करता येते, पाठीच्या कण्यात सुई देऊन, पण मोठी रुग्णालयं सोडली तर त्यासाठी माणूसच नसतो, आणि असला तर घरात कोणी ना कोणी म्हणतंच, "आम्ही नाही का सोसलं?" इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १८५३ साली आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म हुंगला आणि फार बरं वाटल्याचं रोजनिशीत लिहून ठेवलं. तिच्या राज्याकडून आपण रेल्वे घेतली, टपाल घेतलं, दंडविधान घेतलं. कळा कमी करायचं तेवढं घ्यायचं राहिलं.

सही हा आणखी एक प्रकार. एका ओळखीच्या बाई बँकेत शाखाधिकारी आहेत, त्यांच्या सहीने गावातले कारखाने उभे राहतात. त्यांच्या स्वतःच्या पोटाच्या ऑपरेशनला त्यांची सही पुरली नाही. "मिस्टर कुठे आहेत?" मिस्टर वडापाव आणायला गेले होते. कायद्याने सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईची स्वतःची संमती पुरेशी असते. पण कळा देणाऱ्या बाईने वडापावची वाट बघितली. मिस्टर आले, बोटाचं तेल पुसलं, सही केली. कागदावर डाग अजून असेल.

आणि काही वेळा तर सही, विचारणं, सांगणं, काहीच होत नाही. टाके का घातले, किती घातले, हे घरी बसता येईनासं झाल्यावर कळतं. बाळंतपणानंतर तांबी बसवलीय हे पुढच्या तपासणीत कळल्याचंही बायका सांगतात. सगळं बाईच्या भल्यासाठीच. भलं करताना बाईला मध्ये घेतलं नाही, इतकंच.

२०२४च्या एप्रिलमध्ये मुंबईत, भांडुपच्या पालिका प्रसूतिगृहातल्या बाळंतपणात एक आई आणि तिचं बाळ, दोघंही गेली. वीज गेली होती आणि मोबाइलच्या उजेडात सिझर केलं, असा घरच्यांचा आरोप होता. त्याआधी जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. यावर तिरकस काही सुचत नाही. पुढे जाऊ.

गडचिरोली-मेळघाटात पावसाळ्यात रस्ता तुटतो, म्हणून दिवस भरत आलेल्या बायकांना आधीच आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवायला 'माहेरघर' काढलंय. कल्पना चांगली, नाव त्याहून चांगलं. पण मागे दोन पोरं, चार शेळ्या आणि बुडणारी मजुरी ठेवून बाई तिथे किती दिवस थांबणार, हे तिथे तिला भेटणाऱ्या माणसावर ठरतं. म्हणजे पुन्हा तेच, ड्युटीवर कोण.

बऱ्याच दवाखान्यांत डॉ. आनंदीबाई जोशींचा फोटो असतो, नऊवारीतला. चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या, मूल दहा दिवसांत गेलं. मग ही मुलगी अमेरिकेला जाऊन १८८६ साली डॉक्टर झाली, आणि प्रबंध लिहिला तो प्रसूतिशास्त्रावरच. बायकांना आपलं दुखणं सांगायला बाई डॉक्टर हवी, ही तिची तळमळ. आज ती तळमळ फळाला आली आहे. डॉक्टर बाई, सिस्टर बाई, मावशी तर बाईच, उशाशी सासूबाई. चारी दिशांना बायका. आणि मधली बाई तोंड दाबून पडलेली, कारण ओरडलं तर ओरडतात.

बाळ बाहेर आलं की आईवरचं सगळ्यांचं लक्ष एका क्षणात उडतं आणि छातीवर येऊन बसतं. दूध आलं का? किती आलं? पुरतं का? आत्या, मामी, शेजारच्या खाटेवरची आजी, सगळ्या हात लावून बघतात. बाळाला पहिल्या तासात अंगावर घ्यावं, हे प्रत्येक वॉर्डच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. २०१९-२१ मध्ये देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात, त्या भिंतीसमोर झाली. आणि पहिल्या तासात आईचं दूध मिळालं ४१.८ टक्के बाळांना. मधल्या वेळात बाळ काय करत असतं? वजन, ओळखपट्टी, फोटो, मामाला व्हिडिओ कॉल.

तरीही. एक बाई सांगत होती, सिझरच्या तिसऱ्या दिवशी ती कारण नसताना रडत बसली होती. फेरीवर आलेली शिकाऊ डॉक्टर मुलगी, पोरसवदा, फाइल बघून पुढे गेली आणि दोन खाटांवरून परत आली. म्हणाली, "ताई, या दिवसांत असं होतं. माझ्या बहिणीलाही झालं होतं. पण दोन आठवड्यांनी सुद्धा असंच वाटलं तर इकडे या, मला भेटा, लाजू नका." तिने वहीचं पान फाडून आपल्या ओपीडीचे वार लिहून दिले. त्यासाठी योजना लागली नाही, निधी लागला नाही. फक्त त्या महिन्यात त्या मुलीची ड्युटी त्या वॉर्डला लागलेली होती. पुढच्या महिन्यात ती हाडांच्या वॉर्डला गेली असेल. तिच्या जागी कोण आलं, ते पुढच्या बाळंतिणीला विचारा.

विचारायची सोयही सरकारने केलेली आहे बरं का. २०१६ साली 'मेरा अस्पताल' सुरू झालं. घरी गेल्यावर मोबाइलवर निरोप येतो की सेवा कशी वाटली, सांगा. कल्पना उत्तम. निरोप केसपेपरवरच्या नंबरावर येतो. आता केसपेपर काढायला खिडकीवर उभं कोण असतं? नवरा. नंबर त्याचा. खासगीत तर त्याहून सुटसुटीत. फाइल हातात पडायच्या आधी बिलाच्या काउंटरवरच फॉर्म पुढे सरकवतात. एकाने भरलेला फॉर्म मी पाहिला. स्वच्छता : उत्तम. डॉक्टरांची वागणूक : उत्तम. लेबर रूममधील सेवा : उत्तम. (त्याला दाराच्या आत कोणी सोडलेलं नव्हतं.) आणि खाली, काही सूचना असल्यास, तिथे सुवाच्य अक्षरात : पार्किंग वाढवावे.